एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. एकोणीस वर्षांत असं तीनदाच झालंय, त्यात दोनदा वारा फार होता म्हणून. म्हणाले, "काका, सगळे कॉम्प्युटर बदलायचे. ज्याची जशी गरज, तसं यंत्र. निवड तुम्ही करायची."

हे शाळेत होते तेव्हा माझ्या टेबलावर बसून डबा खायचे, म्हणून मला काका म्हणतात. चारचौघांत म्हणू नये असं वाटतं, पण मालकाला सांगणार कोण?

आमचं काम माहितीपुस्तिकांचं. पंप, शेगडी, शिलाई मशीन, कुणीही काहीही बनवो, ते वापरायचं कसं हे सांगणारी पुस्तिका आम्ही लिहितो, त्यातली चित्रं काढतो, तपासतो आणि छापायला देतो. तेवीस माणसं आहोत, व्यवस्थापक मी. आजवर आमच्याकडे कॉम्प्युटर वाटायची पद्धत सोपी होती. मालकांचा जुना तो माझा नवा, माझा जुना तो चित्रकार बाईंचा नवा, आणि असं होत होत शेवटच्या माणसाच्या वाट्याला जो येई, तो सुरू करून माणूस चहा पिऊन परत येई तरी यंत्र विचारच करत असे. हे आता बंद. आता शास्त्रीय पद्धत येणार आणि ती मी आणणार.

त्यासाठीच ही डायरी सुरू केली आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. अक्षर मोठं असलं की विचार स्वच्छ राहतात. पानावर दहाच ओळी बसतात, पण त्याला इलाज नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

गरज-पत्रक तयार केलं. एकतीस प्रश्न. कीबोर्डवर रोज किती तास, स्क्रीनकडे किती तास, बसण्याची अडचण, दृष्टीची अडचण, ऐकण्याची अडचण, प्रवास किती, हात कोणता. कुणी म्हणायला नको की आमचं विचारायचं राहून गेलं.

हिला दाखवलं. ही म्हणाली, एवढं कशाला? माणसाला विचारायचं, बाबा रे, तू दिवसभर करतोस काय, आणि मग गप्प बसून ऐकायचं. आमची ही घर उत्तम चालवते, पण कार्यालय म्हणजे घर नव्हे.

पत्रकं छापून आली तेव्हा मात्र हिरमोड झाला. छापणाऱ्याने अक्षर फारच बारीक घेतलंय. हल्ली सगळ्यांनाच शाई वाचवायची हौस. हात पूर्ण लांब केल्याशिवाय वाचता येत नाही, आणि हातालाही काही मर्यादा असते. ही म्हणाली, डोळे तपासून या. मी म्हणालो, माझी नजर घारीची आहे. "घार लांबचंच बघते," म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्रकं भरून आली. गरज विचारली की माणूस आधी शेजाऱ्याच्या टेबलाकडे बघतो आणि मग उत्तर लिहितो, हे आज कळलं.

आमचा विक्रीवाला गावोगाव फिरून कामं आणतो. त्याला सगळ्यांत मोठा स्क्रीन हवाय. कारण लिहिलंय, 'समोरच्यावर वजन पडतं.' कीबोर्डवर रोज तेरा तास असतो म्हणे. मग झोपतो कधी आणि फिरतो कधी हे त्याचं त्याला माहीत, पण उत्तर स्वच्छ अक्षरात आणि आकड्यात दिलंय. फोनवरच्या बाईंना स्क्रीनची पाठ दाराकडे हवी, एकाग्रतेसाठी. ती एकाग्रता मी मागून पाहिली आहे, तिच्यात इस्पिकची राणी असते.

चित्रकार बाईंनी मात्र पत्रकाला दोन पानं जोडलीत. डावखुऱ्या आहेत, कळफलकापेक्षा कलमाने काढतात, स्क्रूचा आटा दिसेल एवढा स्क्रीन लागतो, वगैरे. ज्याला खरी गरज असते तो एवढं लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांत कहर म्हणजे मास्तर. हे कधी कुठल्या शाळेत नव्हते. सव्वीस वर्षं प्रूफं तपासतात, चुका काढतात, म्हणून मास्तर. त्यांच्या पत्रकावर एकच ओळ, तीही मागच्या खोलीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बाईच्या अक्षरात: 'एक खुर्ची, हिच्या शेजारी. यंत्र असेल ते चालेल.' मी शेरा मारला: 'विषयाला सोडून. खुर्चीसाठी वेगळा अर्ज करावा.'

१२ फेब्रुवारी, बुधवार

मागच्या खोलीची पाहणी केली. तिथे मास्तर आणि रेडिओ बसतात. रेडिओ म्हणजे पंचेचाळिशीची बाई आहे. दिवसभर मोठ्याने वाचते म्हणून हे नाव पडलं. वाचते तेही स्वल्पविराम, कंस, नवा परिच्छेद असं सगळं उच्चारून. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी टपालखात्यात तार देतंय.

आणि मास्तर काय करतात? खेळतात. ज्या यंत्राची पुस्तिका असेल ते यंत्र टेबलावर घेऊन बसतात. आज शेगडी होती. ती वाचते, 'बटण डावीकडे फिरवा', की हे फिरवतात. 'जाळी उचला', की उचलतात. मान वर, डोळे छताकडे. मी घड्याळ लावून बसलो होतो. वीस मिनिटांत स्क्रीनकडे एकदाही पाहिलं नाही. मध्येच म्हणाले, "थांब गं. जाळी आत्ता उचलली ना? मग परत कुठली उचलू?" तिने मुकाट्याने एक ओळ खोडली. वाचणारी ती, कीबोर्डवर ती, खोडणारी ती. हे फक्त हुकूम सोडतात आणि पगार घेतात.

मी दारात पाऊल टाकलं तेव्हा मात्र मान न वळवता लगेच, "या साहेब." म्हणजे लक्ष कामात नसतं, दाराकडे असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कुणी म्हणायला नको की अन्याय झाला, म्हणून मास्तरांना माझ्या खोलीत बोलावलं आणि पत्रक समोर ठेवलं, भरा म्हणालो. म्हणाले, "साहेब, प्रश्न तुम्हीच वाचा, मी सांगतो." आळसाला सीमा नाही. तरी मी वाचायला घेतलं.

नेमकी आज खोलीतली ट्यूब मंद झालेली. सतरापर्यंत ठीक चाललं. पुढचे दोनचार प्रश्न मला तसे किरकोळ वाटले म्हणून एकदम एकवीस घेतला. असं शेवटीही एकदोनदा झालं. गाळलेल्या जागी 'लागू नाही' लिहून टाकलं.

कीबोर्डवर तास? "नाही लावत हात." स्क्रीनकडे तास? "तेही नाही." निदान लाज वाटून तरी चार तास म्हणावं. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आकड्यापाशी अडखळता." मी म्हणालो, आकड्यांची काळजी तुम्ही करू नका, ती मी करीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गुणपद्धती पूर्ण झाली. कीबोर्डच्या तासांना चाळीस गुण, स्क्रीनच्या तासांना तीस, हुद्द्याला वीस, प्रवासाला दहा. हुद्द्याचे गुण पहिल्या दोन खान्यांत काही असेल तरच मिळतात, नाहीतर माणूस नुसता म्हातारा होऊन पुढे जाईल.

विक्रीवाला पहिला आला. त्याला सगळ्यांत मोठं, बलदंड यंत्र. चित्रकार बाई कीबोर्डला फारसा हात लावत नाहीत म्हणून अठराव्या आल्या, त्यांना सगळ्यांत लहान आणि हलकं. जरा चुकल्यासारखं वाटलं, बेरीज पुन्हा केली, तीच आली. बेरजेपुढे माझं काय चालणार?

मास्तर: शून्य. बावीस पत्रकांत शून्य एकटे तेच. मी स्वतः पत्रक भरलं नाही. पंचाने फलंदाजी करायची नसते. पण यंत्रांत एक माझ्यासाठी धरलं आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मालकांना यादी दाखवली. फार खूश झाले. शून्यावर बोट ठेवून म्हणाले, "काका, ज्याला कॉम्प्युटरच लागत नाही, तो इथे करतो काय?"

मी पाहणीचा वृत्तान्त सांगितला. छत, शेगडी, वीस मिनिटं, सगळं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नव्या यंत्रांत शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम येणारच आहे, त्यामुळे रेडिओ एकटी पुरेल. मास्तरांना महिनाअखेर निरोप. पत्र माझ्या सहीने जायचं आहे.

घरी येताना जरा कसंतरीच झालं. माणसाला निवृत्तीला चौदा महिने उरलेले. पण मी काय केलं? त्यांनी आकडे दिले, मी बेरीज केली. हिला सांगितल्यावर ही कढईतलं ढवळायची थांबली आणि विचारलं, "पण ते दिवसभर करतात काय, हे विचारलंत का?" मी म्हणालो, एकतीस प्रश्न विचारले. ही पुन्हा ढवळू लागली, जरा जोरात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तर गेले. भांडले नाहीत, हुज्जत नाही. पत्र हातात घेऊन त्याची घडी केली, वाचलंसुद्धा नाही. काय हा ताठा! जिना उतरताना रेडिओचं कोपर धरून, तोंडाने काहीतरी पुटपुटत एकेक पायरी उतरले. बहुधा मला शिव्या देत असावेत.

नंतर रेडिओ माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मला नवं यंत्र नको. जुनंच राहू द्या. मास्तरांची खुर्ची तेवढी ठेवा." मी म्हणालो, खुर्ची म्हणजे काही यंत्र नव्हे. ती काहीतरी सांगणार होती असं वाटलं. तोंड उघडलं, मिटलं आणि गेली. इतकी वर्षं ओळखतो, ही बाई पहिल्यांदाच आवाज न करता गेली.

१० मार्च, सोमवार

यंत्रं आली. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. रेडिओला कानावर लावायचे फोन दिलेत, म्हणजे प्रोग्राम तिला वाचून दाखवील आणि बाकीच्यांना शांतता मिळेल. मागची खोली आता गोदाम. तिथली शेगड्या-मिक्सरची खेळणी कपाटात बंद केली. एक घडीची शिडी तेवढी कपाटात मावेना, ती मी सांभाळायला घरी आणली.

माझं यंत्रही लावलं. चांगलं आहे, पण अक्षरं फार लहान दिसतात. नवीन आहे, सवय होईल.

१९ मार्च, बुधवार

यादी घेऊन अचानक तपासणी केली. बावीस यंत्रांपैकी जागेवर चार! विक्रीवाल्याला आपलं बलदंड यंत्र जिन्यावरून दुसऱ्यांदा नेववेना, ते त्याने चित्रकार बाईंना दिलं आणि त्यांचं हलकं आपण घेतलं. बाईंनी उजवा माऊस फोनवरच्या बाईंना देऊन कुठूनसा डावा मिळवला. अशी सगळी परस्पर अदलाबदल झाली. एकानेही पत्रक भरलं नाही, आणि सगळे खुशीत दिसले. मी कडक सूचना काढली. ती कुणीतरी फळ्यावर उलटी लावली.

दुपारी रेडिओ आली. तिच्याकडे त्या घडीच्या शिडीची पुस्तिका आहे. म्हणाली, शिडी कुठे ठेवलीत? एकदा उघडून बघायची होती. मी विचारलं, प्रोग्रामने चुका किती दाखवल्या? एकही नाही. मग?

"चूक नाही हो सर. पण वाचताना पाय घसरल्यासारखं होतंय. मास्तर असते तर सापडलं असतं."

तिला म्हणालो, पाय कुठे घसरतो ते लेखी दे. ते तिला देता येईना. प्रूफ मी स्वतः पाहायला घेतलं होतं, पण ती छपाई इतकी फिकी की ज्याचं नाव ते. प्रोग्रामवर भरवसा ठेवून सही केली. तीन हजार प्रती छापून सोमवारी गाडीत चढतील.

२२ मार्च, शनिवार

पलंगावर पडून लिहितोय. डावा पाय उशीवर आहे.

सुटी होती. माळ्यावरची बॅग काढायची होती. म्हटलं, शिडी घरातच आहे, पुस्तिकाही आपली, नवीकोरी. हिला म्हणालो, तू वाच, मी करतो. ही वाचू लागली. पाय पसरा, पसरले. मधली बिजागरी सरळ करा, केली. मग वाचलं, "कृती चार: शिडीवर चढा. कृती पाच: बिजागरीची खिट्टी लावा." आणि थांबली. म्हणाली, "अहो, आधी चढायचं की आधी खिट्टी?"

मी म्हणालो, "लिहिलंय ते वाच. तपासलेली पुस्तिका आहे." चढलो. चौथ्या पायरीवरून खिट्टीकडे वाकलो, तेवढ्यात शिडीने आपली घडी करून घेतली. मधे मी होतो.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, तीन आठवडे जपा. तीन दिवस मी ज्या कागदावर सही करून बसलोय, त्याच्या तीन हजार प्रती आहेत. म्हणजे तीन हजार घरांतले पाय. कुणाच्या घरी म्हातारी चढेल, कुणाच्या घरी पोर. संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत पडलो. शब्द सगळे शुद्ध होते. फक्त दोन वाक्यांनी जागा बदलली होती, आणि ती चूक शिडीवर चढणाऱ्यालाच कळणारी होती.

टेबलावरच्या शेगडीची मला आठवण झाली. 'मग परत कुठली उचलू?' ते खेळत नव्हते. मी गाढव आहे. डायरीत लिहायला हरकत नाही, ही वाचत नाही.

ही आत्ता येऊन म्हणाली, उद्या मास्तरांकडे जा. पत्ता तिच्याकडे होता. रेडिओ आणि ही भाजी घेताना भेटतात, म्हणे. कधीपासून, ते विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

भाड्याची गाडी करून गेलो. दुसरा मजला. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं. मास्तर खिडकीशी नळाची चकती घासत बसले होते. मी एक शब्द बोललो नव्हतो. म्हणाले, "या साहेब. डावा पाय दुखावलाय का? काठी नवी दिसते, अजून सवय नाही."

'दिसते' म्हणाले, आणि तोंड माझ्यापासून हातभर बाजूला होतं.

बायकोने चहाचा कप त्यांच्या समोर ठेवला आणि त्यांची बोटं धरून कपाच्या कानाला लावून दिली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. छताकडे मान, न वाचलेलं पत्र, कोपर धरून उतरलेला जिना. ते शिव्या देत नव्हते, पायऱ्या मोजत होते.

किती वर्षं, असं मी विचारलं. सहा, म्हणाले. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं, मग माणसं. कार्यालयात फक्त रेडिओला माहीत होतं. दोघांनी मिळून ही वाचायची पद्धत बसवली आणि गंमत अशी, की डोळे होते तेव्हापेक्षा जास्त चुका सापडायला लागल्या. डोळा पुढची ओळ आधीच पाहून ठेवतो आणि समजून घेतो. हात समजून घेत नाही, सांगितलं तेवढंच करतो.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीत?

"सांगून काय झालं असतं, साहेब? आंधळा प्रूफं तपासतो, असं म्हटल्यावर तुम्ही एक दिवस तरी ठेवलं असतं का?" थोडा वेळ चकती घासत राहिले. "घरी मला हात धरून मोरीपर्यंत नेतात. कार्यालयात मी मास्तर होतो. तेवढे चौदा महिने हवे होते."

मला फार लाज वाटली. खिशातून पुस्तिका काढली आणि शिडीचा प्रकार सांगितला. म्हणाले, वाचा. मी वाचू लागलो. खिडकीत भरपूर उजेड होता, छपाई काळीकुट्ट होती, हात होता तेवढा लांब केला, तरी तिसऱ्या कृतीपाशी मला अंदाजाने एक शब्द घालावा लागला.

"साहेब, चष्मा करून घ्या," मास्तर म्हणाले. "फेब्रुवारीतच सांगणार होतो. सतरा वाचलात आणि एकदम एकवीसवर गेलात. रेडिओने मला पत्रक आधी वाचून दाखवलं होतं, मला सगळे पाठ होते. अठरावा होता, दृष्टीची काही अडचण? तो येणार म्हणून मी रात्रभर धसका घेऊन बसलो होतो. तुम्हाला तो दिसलाच नाही, म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही."

मी उद्या मालकांशी बोलतो म्हणालो. त्यांनी एवढंच मागितलं, की डोळ्यांचं मालकांना कळू नये. मग हसून म्हणाले, "तुमचंही मी कुणाला सांगत नाही."

२४ मार्च, सोमवार

काठी टेकत सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि गाडी थांबवली. तीन हजार प्रती रद्द. मालक लालबुंद झाले. मी पायाचं बँडेज दाखवलं आणि पुस्तिकेप्रमाणे चढा म्हणालो, शिडी घरून आणलीय, खाली गाडीत आहे. ते चढले नाहीत, पण बसले.

मी म्हणालो, मास्तरांना परत बोलवा, रेडिओच्या शेजारी, मागच्या खोलीत. मालकांनी विचारलं, "त्यांना तर शून्य होतं ना? चूक त्यांची की तुमची?"

एकोणीस वर्षांत या वाक्याची वेळ कधी आली नव्हती. माझी, म्हणालो. माणूस न पाहता मोजला. "काका, तुमचंही आता वय झालं," मालक म्हणाले. हे कौतुकाने म्हटलेलं नव्हतं. त्यांची अट एक: मास्तरांचं पत्रक नव्याने, पूर्ण भरून हवं, एकही खाना 'लागू नाही' चालणार नाही. निघालो तर मागून म्हणाले, "आणि तुमचं पत्रक कुठंय? यंत्र घेतलंत ना? तेही उद्या द्या."

बाहेर आलो तर रेडिओने कानावरचे फोन काढून ठेवले होते आणि गोदामातून खुर्ची ओढत आणत होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी अर्ज मागितला नाही.

संध्याकाळी हिला दोन कोरी पत्रकं दिली. ही प्रश्न वाचणार, मी सांगणार, ही लिहिणार. आधी मास्तरांचं घेतलं. कीबोर्डवर तास? आठ, लिही म्हणालो. स्क्रीनकडे तास? आठ. आयुष्यात पहिल्यांदा कार्यालयाच्या पत्रकावर खोटं लिहवून घेत होतो आणि हात थरथरला नाही, कारण हात हिचा होता. गरज? एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, आणि ज्याची पुस्तिका असेल ते यंत्र टेबलावर.

"प्रश्न अठरा," ही म्हणाली. "दृष्टीची काही अडचण?"

"नाही."

तिने लिहिलं. चटकन लिहून झालं. मग माझं पत्रक ओढलं. पहिले सतरा सरळ गेले. अठरावा तिने वाचला आणि माझ्याकडे बघत राहिली असावी, कारण आवाज थांबला.

"नाही लिही," मी म्हणालो.

ती लिहू लागली. पेन बराच वेळ कागदावर चालत राहिलं. 'नाही' लिहायला एवढा वेळ लागत नाही, हे आता मलाही ऐकून कळतं. पत्रक घडी करून तिच्याच हातून पाकिटात घालून घेतलं आणि वर मालकांचं नाव मी स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात.